रात्रीचा दिवा कुठे ठेवावा

रात्री दोन वाजता अंथरुणातून उठून बाथरूमपर्यंत जायचं आणि परत यायचं, या विषयावर आपल्या मंडळात आजवर एकही परिसंवाद झालेला नाही. गणपतीच्या जेवणाच्या मेन्यूवर दोन-दोन तास मीटिंग चालते, पार्किंगवर चालते, साउंड सिस्टिमवर तर दर वर्षी चालते. पण घरातल्या ज्येष्ठांना विचारून बघा. रोज न चुकता करावा लागणारा आणि मनात थोडी धाकधूक ठेवून केलेला प्रवास कुठला, तर हा पंधरा-वीस पावलांचा. म्हणून या पुस्तिकेत जाहिराती आणि देणगीदारांची यादी यांच्यामधली काही पानं आम्ही या प्रवासाला दिली आहेत. औषधपाण्याचं ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. आम्ही सांगणार आहोत ते एवढंच, की रात्री घरात कुठला दिवा कुठे असावा, आणि का.

आधी थोडे आकडे, कारण आपण आकड्यांवर विश्वास ठेवणारी माणसं. ६५ वर्षांवरच्या दर चार माणसांमागे एकाहून जास्त माणसं या देशात वर्षातून एकदा तरी पडतात, असं सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. पडल्यामुळे ज्येष्ठांच्या इमर्जन्सी रूमच्या फेऱ्या होतात वर्षाला सुमारे ३० लाख. खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात दाखल होणारे ज्येष्ठ वर्षाला सुमारे तीन लाख, आणि त्यातले बहुतेक कुठेतरी पडलेले, तेही कुशीवर. २०२१ या एका वर्षात पडण्यामुळे ३८ हजारांवर ज्येष्ठ दगावले. आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते.

हे सगळे काही रात्रीच पडत नाहीत हे खरं. दिवसाही पडतात, बर्फावर पडतात, नातवाच्या खेळण्यातल्या गाडीवर पाय पडून पडतात. पण रात्री तीन गोष्टी एकत्र येतात: डोळा अंधारात कमी पडतो, झोपेतून एकदम उठल्यावर ब्लडप्रेशर खाली जाऊन भोवळ येऊ शकते, आणि घाई असते. त्यात मधुमेह जुना असेल तर तळपायाची जाणीव बोथट झालेली असते. मधुमेहाचं प्रमाण आपल्या दक्षिण आशियाई मंडळींत जास्त आहे, हे वेगळं सांगायला नको. तळपायाला जमीन नीट कळत नसली, की तोल सांभाळायला उरतात डोळे. आणि डोळ्यांना लागतो उजेड.

आपल्यात ही गोष्ट दोन पिढ्यांना लागू आहे. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली पहिली तुकडी आता म्हातारी झाली. १९६९ साली शिकागोचं महाराष्ट्र मंडळ सुरू झालं तेव्हा जे पंचविशीत होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यातले कित्येक मुलं वाढवली त्याच चार बेडरूमच्या, जिन्याच्या घरात दोघंच किंवा एकटे राहतात. दुसरे म्हणजे पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा. त्यांना मेडिकेअर नाही. ग्रीन कार्ड असलं तरी पाच वर्षांच्या वास्तव्याआधी नाही. व्हिजिटर इन्शुरन्सची बारीक अक्षरं ज्यांनी इमर्जन्सी रूमच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा वाचली, अशी कुटुंबं आपल्या मंडळात आहेत.

आई-बाबा दिवा का लावत नाहीत

हा प्रश्न आम्ही अनेक घरांत विचारला. उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच. "अगं, तुम्ही दमून झोपलेले असता. दिवा लावला असता तर तुमची झोप मोडली असती." दुसरं उत्तर कुणी मोठ्याने देत नाही, पण असतं. वीज उगाच कशाला जाळायची! ज्यांनी आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा आणि पंखा बंद केला, ती माणसं सत्तरीत मुलाच्या घरी येऊन पॅसेजमधला दिवा रात्रभर ठेवणार नाहीत. ती भिंतीला हात लावत, चाचपडत जातात. आपल्या घरी हे जमायचं. पन्नास वर्षांच्या घरातला उंबरठा कुठे, मोरीचा दगड कुठे, फडताळाचा कोपरा कुठे, हे पायाला पाठ असतं. इथल्या घरातलं काहीच पाठ नसतं.

त्यात इथल्या घराचे म्हणून खास घोळ आहेत. भारतात दिव्याचं बटण खाली केलं की दिवा लागतो, इथे वर केलं की लागतो. ही लहान गोष्ट वाटते, पण झोपेत हात जुन्या सवयीने चालतो. इथल्या कित्येक बेडरूममध्ये छताला दिवाच नसतो. भिंतीवरचं बटण एखाद्या प्लगला जोडलेलं असतं आणि त्या प्लगमध्ये दिव्याऐवजी फोनचा चार्जर असतो. मग टेबललॅम्प. त्याचं बटण कधी बल्बखाली फिरवायचं, कधी वायरवर, कधी बुडाशी. आम्ही स्वतः हॉटेलात पाच मिनिटं शोधतो, तर ऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी अंधारात काय करावं? पॅसेजमध्ये चार दरवाजे असतात, चारही पांढरे, चारही मुठी सारख्या. त्यातला एक बाथरूमचा, एक कपाटाचा आणि एखाद्या घरात एक बेसमेंटच्या जिन्याचा. या शेवटच्या दरवाजाला वर एक कडी लावा. बाकीचा लेख नाही वाचलात तरी चालेल.

आणि भारतातून नुकतीच आलेली माणसं रात्री उठतात ती फक्त बाथरूमसाठी नाही. न्यू जर्सी आणि मुंबई यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर. पहिले आठ-दहा दिवस रात्री दोन-अडीचला लख्ख जाग येते. मग माणूस उठतो, हळूच खाली येतो, चहा करतो, तोही अंधारात, कारण मुलं झोपलेली! कार्पेट घातलेला जिना, पायात मोजे, हातात चष्म्याची केस. लिहितानासुद्धा आम्हाला कसंतरी होतं.

तेव्हा "आई, रात्री उठाल तेव्हा दिवा लावत जा हं" असं सांगून उपयोग होत नाही. त्या "हो" म्हणतात आणि लावत नाहीत. दिवा त्या उठायच्या आधीच लागलेला असला पाहिजे, किंवा उठल्याबरोबर आपोआप लागला पाहिजे.

मग रात्रभर मोठा दिवाच ठेवला तर?

हे बहुतेक घरांत होतं. कुणीतरी पडतं किंवा पडता पडता वाचतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पॅसेजचा दिवा रात्रभर सुरू. बाथरूमचाही. दार किलकिलं. काही दिवसांनी तक्रार येते, झोपच लागत नाही. मग कुणीतरी दुकानातून टायलेनॉल पीएम आणून देतं. त्यात डायफेनहायड्रामीन नावाचं औषध असतं, आणि ज्येष्ठांनी टाळावं अशा औषधांच्या अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीच्या यादीत ते आहे. त्याने गुंगी येते, गोंधळल्यासारखं होतं आणि तोल जातो. म्हणजे पडू नये म्हणून दिवा, दिव्याने गेलेल्या झोपेसाठी गोळी, आणि गोळीने पुन्हा पडण्याची भीती.

दिव्याने झोप का जाते, हे आता बरंच समजलेलं आहे. २०१३ साली आपलं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन ज्या प्रॉव्हिडन्स गावी झालं, त्याच गावात ब्राउन विद्यापीठ आहे. तिथले डेव्हिड बर्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली दाखवून दिलं, की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्या उजेड ओळखतात, पण त्या प्रामुख्याने चित्र बघायच्या कामाच्या नाहीत. उजेड आहे की अंधार, एवढं त्या थेट मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्याआधी एक वर्ष फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात जॉर्ज ब्रेनर्ड यांच्या गटाने मोजून पाहिलं होतं, की रात्री शरीरात तयार होणारं मेलाटोनिन हे निशाद्रव्य सर्वांत जास्त कुठल्या रंगाने दबतं. उत्तर आलं, निळ्या. पिवळ्या-केशरीने त्या मानाने फार कमी, लालने त्याहून कमी.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२२ साली एक प्रयोग झाला. धडधाकट तरुण माणसांना एक रात्र जवळजवळ अंधारात आणि एक रात्र साध्या खोलीतल्या, म्हणजे १०० लक्सच्या उजेडात झोपवलं. उजेडात झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर जास्त राहिले, आणि सकाळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला दिसला. तोही एका रात्रीत, आणि डोळे मिटलेले असताना! मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या खोलीत रात्रभर ट्यूबलाइट ठेवण्याआधी हे लक्षात असावं.

त्याच वर्षी या विषयातल्या अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून निरोगी प्रौढ माणसांसाठी तीन आकडे ठरवले. दिवसा डोळ्यापाशी निदान २५० लक्स, झोपण्याआधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १०, आणि झोपेत जास्तीत जास्त १. रात्री उठून काही करायचंच असेल तर पुन्हा १०च्या आत. हे लक्स नेहमीचे नाहीत, निळ्या भागाला जास्त वजन देऊन मोजलेले आहेत, पण अंदाज यायला तेवढं पुरे. इथल्या बाथरूमच्या आरशावर ओळीने चार-सहा बल्ब असतात, त्यांच्यासमोर उभं राहिलं तर डोळ्यात शेकडो लक्स जातात.

त्या आरशाच्या दिव्यांचा आणखी एक त्रास. अंधारात सरावलेला डोळा लख्ख उजेडात गेला की तो सराव पुसला जातो. पुन्हा पूर्ण सरावायला तरुण डोळ्यालाही वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हाताऱ्या डोळ्याला त्याहून जास्त. म्हणजे बाथरूमचा दिवा बंद करून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याला जातानापेक्षाही कमी दिसत असतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत आधीच विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान झालेली, भिंग पिवळट आणि दाट झालेलं. मोतीबिंदू असेल तर उघडा बल्ब नुसता फाकतो आणि पायाखालचं काहीच दिसत नाही.

कंदिलाची वात बारीक करून

इथपर्यंत वाचून वाटेल, की पायाला उजेड हवा आणि डोळ्याला अंधार हवा, हे एका वेळी जमायचं कसं? आमच्या मते आपल्या आज्यांनी हे जमवलेलं होतं.

ज्यांचं लहानपण कोकणात किंवा देशावर वीज नसलेल्या घरात गेलं त्यांना आठवत असेल. निजानीज झाली की कंदील विझवत नसत. वात बारीक करून तो माजघराच्या कोपऱ्यात किंवा ओसरीच्या दाराशी जमिनीवर ठेवत. उजेड पडायचा तो जमिनीवर, उंबरठ्यावर आणि दाराच्या चौकटीवर. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या डोळ्यात काही जायचं नाही. ज्योतीचा रंग मधासारखा, निळा भाग जवळजवळ नाही. रात्री मूल उठो की आजोबा उठोत, वाट दिसायची. देवघरातला नंदादीप असेल तर प्रश्नच नाही. आजचे प्रकाशतज्ज्ञ रात्रीच्या दिव्याबद्दल जे सांगतात, म्हणजे मंद, पिवळट, खाली ठेवलेला आणि झाकलेला, ते सगळं त्या कंदिलात होतं. (म्हणून इथे कुणी रात्रभर समई तेवत ठेवू नये ही विनंती. घरं लाकडाची आहेत आणि कार्पेट सिंथेटिक आहे.)

पुढे वीज आली आणि झिरोचा बल्ब आला. नावाला झिरो, प्रत्यक्षात साधारण १५ वॉटचा. तो भिंतीवर उंच गेला, आणि तिथेच गडबड झाली. उजेड वरून सरळ डोळ्यात. कित्येक घरांत तो निळ्या रंगाचा असायचा, शांत वाटतो म्हणून. रात्रीसाठी निवडता येईल असा सगळ्यात चुकीचा रंग तो! पण त्या वेळी हे कुणाला माहीत असणार.

कंदिलाने आणखी एक काम व्हायचं, ते म्हणजे चौकट दिसायची. याचं महत्त्व न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमधल्या लायटिंग रिसर्च सेंटरने दाखवून दिलं. तिथल्या मारिआना फिगेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक साधी युक्ती तपासली. बाथरूमच्या दाराच्या चौकटीला तिन्ही बाजूंनी मंद पिवळट एलईडी दिव्यांची पट्टी लावली, आणि ज्येष्ठ माणसं उठून उभी राहताना त्यांचा तोल कसा राहतो ते नेहमीच्या नाइटलाइटशी ताडून पाहिलं. चौकटीच्या दिव्याने तोल अधिक चांगला राहिला. माणूस उभा राहतो तेव्हा मेंदू सरळ काय आणि आडवं काय, याचा शोध घेत असतो. अर्धवट उजेडात नुसता धूसर गोळा दिसण्यापेक्षा दोन उभ्या आणि एक आडवी रेघ दिसली, की शरीर स्वतःला त्या रेघांशी जुळवून घेतं. म्हणून रात्री खोली उजळायची गरज नसते. कडा दिसल्या पाहिजेत: पलंगाची कड, दाराची चौकट, पायरीची कड, कमोडची बाजू. पौर्णिमेच्या रात्री रानातली पायवाट दिसते, ते चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. त्या मानाने नाइटलाइट म्हणजे श्रीमंती.

पलंगापासून निघू या

आता आपल्या घरात. संध्याकाळी नको, रात्री अकरा वाजता सगळे दिवे बंद करून आई-बाबांच्या पलंगावर आडवे व्हा आणि मग उठा. जे दिसत नाही ते लिहून काढा. सोफ्यावर बसून हे होत नाही.

पलंगाखाली किंवा पलंगाशेजारच्या भिंतीवर घोट्याच्या उंचीला हालचालीवर लागणारा एक दिवा हवा. पाय जमिनीला टेकायच्या आधी तो लागला पाहिजे, दोन पावलं चालल्यावर नव्हे. तो गादीखालून जमिनीवर उजेड टाकेल असा लावला की शेजारी झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आजोबा उठले म्हणून आजी जागी झाली, ही तक्रारही त्याने मिटते. यातले बहुतेक दिवे शरीराची ऊब ओळखून लागतात, म्हणून हीटिंगच्या जाळीसमोर लावू नका. गरम हवेच्या झोताने तो रात्रभर उघडझाप करत बसेल आणि तिसऱ्या दिवशी बाबा तो काढून ठेवतील. किती वेळ सुरू राहतो तेही बघून घ्या. वीस सेकंदांत विझणारा दिवा म्हाताऱ्या माणसाला वाटेत अंधारात सोडून देतो. दीड मिनिट तरी हवा.

बाथरूममध्ये मात्र हालचालीवरचा दिवा एकटा ठेवू नये, कारण तिथे माणूस स्वस्थ बसलेला असतो आणि दिवा समजतो की कुणी नाही! तिथे अंधार पडला की लागणारा आणि उजाडलं की विझणारा साधा पिवळट नाइटलाइट रात्रभर असू दे, कमोडच्या बाजूला, आरशासमोर नव्हे. आरशात एका दिव्याचे दोन होतात आणि दोन्ही डोळ्यावर येतात. वाटेतल्या दारांपैकी फक्त बाथरूमच्या दाराशी दिवा ठेवावा. सगळ्या दारांशी लावले तर कुठलं दार कुठलं हा घोळ तसाच राहतो. चौकटीला पट्टी लावायची हौस असेल तर जरूर लावा, चिकटवायच्या पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. घेताना पिवळा किंवा अंबर रंग पाहून घ्या, आणि डोळ्याला सरळ दिसणार नाहीत अशा, चौकटीच्या आतल्या बाजूला लावा.

रंगाबद्दल थोडं. दुकानात मिळणारे स्वस्त नाइटलाइट बहुधा निळसर पांढरे असतात. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळा थर दिलेला. ज्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, तोच हा. बाकी कामाला उत्तम, रात्री दोनला वाईट. खोक्यावर ५००० के किंवा डेलाइट लिहिलेलं असेल तर परत ठेवा. २७०० केचा सॉफ्ट व्हाइट चालून जाईल, पण अंबर लिहिलेला मिळाला तर तो घ्या. काही जण लाल घेतात. झोपेला तो आणखी बरा, पण लाल उजेडात म्हाताऱ्या डोळ्याला कडा नीट उठून दिसत नाहीत, म्हणून आमचं मत मधल्या, मधाच्या रंगाकडे आहे. फोनच्या ॲपवर चालणारे, रंग बदलणारे दिवेही निघालेत. मुलांना ते फार आवडतात. वायफाय गेलं की आई-बाबांना ते चालवता येत नाहीत, तेव्हा त्यांच्या वाटेवर नकोत.

जिन्याला वर आणि खाली, दोन्हीकडे बटण हवं. बहुतेक घरांत असतं, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. पहिली आणि शेवटची पायरी सगळ्यात फसवी, कारण कार्पेट एकाच रंगाचं असतं आणि जिना कुठे संपला ते कळत नाही. त्या दोन पायऱ्यांच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी चिकटवा. घर विकताना एजंट काय म्हणेल याची काळजी घर विकताना करू. जिना आणि चहा हे दोन्ही टाळायचे असतील तर जेटलॅगच्या दिवसांत खोलीतच थर्मास, दोन बिस्किटं आणि एखादं पुस्तक ठेवावं. एका घरात हे केलेलं आम्ही पाहिलं, आणि त्या काकूंना ते फार म्हणजे फारच आवडलं होतं.

खर्च किती? अर्ध्या वॉटचा एलईडी नाइटलाइट रोज दहा तास जळला तर वर्षाला दोन युनिटसुद्धा वीज खात नाही. जुना १५ वॉटचा झिरो बल्ब तेवढ्याच वेळात पंचावन्नच्या आसपास युनिटं खायचा. हे गणित बाबांना कागदावर करून दाखवा. मग ते दिवा बंद करणार नाहीत. अनेक घरांत दिव्यापेक्षा या गणिताचा उपयोग जास्त होतो, असा आमचा अनुभव आहे.

दिव्याने होत नाही ते

उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसावं, मगच उभं राहावं. रात्रीचं वारंवार उठणं फारच होत असेल तर लघवी जास्त होण्याची गोळी कुठल्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावं. वय झालं म्हणून सोडून देऊ नये. चष्मा हाताशी, पायात मागून बंद असलेल्या सपाता, वाटेत गालिचा नको.

आणि दिवसाचा उजेड. रात्रीची झोप दिवसा कमवावी लागते. पिवळ्या झालेल्या भिंगातून निळा उजेड आधीच कमी पोचतो, त्यात इथले ज्येष्ठ दिवसभर पडदे ओढून टीव्हीसमोर बसलेले. टीव्हीवर चमक येते म्हणून पडदे बंद! खोलीत जेमतेम शंभर लक्स असतात आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो. मेंदूतल्या घड्याळाला मग दिवस कुठला आणि रात्र कुठली ते कळेनासं होतं. नेदरलँड्समध्ये ज्येष्ठांच्या १२ निवासांत दिवसभर १००० लक्सच्या आसपास उजेड ठेवून पाहिलं, तेव्हा स्मृतिभ्रंश असलेल्यांची घसरण थोडी मंदावली आणि उदासी कमी झाली. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ओटा होता, अंगण होतं, सकाळचं फिरणं होतं. इथे सकाळचा चहा खिडकीपाशी, पूर्वेकडे तोंड करून, आणि हवा बरी असेल तेव्हा ड्राइव्हवेमध्ये खुर्ची टाकून अर्धा तास. मिनेसोटाच्या जानेवारीत खिडकीवर भागवावं लागेल.

कुणाकडे ज्येष्ठ आले म्हणून भेटायला जाताना आपण मिठाईचा डबा नेतो, जो मधुमेहामुळे त्यांना खाता येत नाही. त्याऐवजी तीन अंबर नाइटलाइट न्यावेत, आणि नुसते देऊन न येता स्वतः प्लगमध्ये लावून यावं. त्यातला एक वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा असावा, कारण बर्फाच्या वादळात वीज जाते ती नेमकी रात्री. बॅटऱ्या तपासायला मार्चमधला दुसरा आणि नोव्हेंबरमधला पहिला रविवार सोयीचा, नाहीतरी त्या दिवशी घरातली घड्याळं पुढे-मागे करायची असतातच.